चौकटीत न आलेली माणसे

नोव्हेंबर २०१९ मध्ये नागपूर-नागभीड हा अरुंदमापी रेल्वेमार्ग रुंदीकरणासाठी बंद करण्यात आला. अडीच फूट अंतराच्या रुळांवरून धावणारी ती छोटी गाडी शंभर वर्षांहून अधिक काळ या भागातील माणसांची ने-आण करीत होती. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने विसाव्या शतकाच्या प्रारंभी येथे रूळ टाकले आणि नागभीड हे जंक्शन झाले. एक फाटा भिवापूर-उमरेडवरून नागपूरकडे, दुसरा ब्रह्मपुरी-वडसावरून गोंदियाकडे आणि तिसरा सिंदेवाही-मूलवरून चांद्याकडे. गोंदिया-चांदा मार्गाचे रुंदीकरण १९९० च्या दशकात झाले. नागपूरचा फाटा मात्र त्यानंतरही सुमारे वीस वर्षे होता तसाच राहिला.

ही गाडी बंद होण्यापूर्वीच्या काळात तिची पुष्कळ छायाचित्रे घेतली गेली. रेल्वेची आवड असणारी मंडळी दूरदूरच्या शहरांतून त्यासाठी आली. डिझेल इंजिन, वळणावरची गाडी, स्थानकाची पाटी, नाल्यावरचा लहानसा पूल अशी ती चित्रे आहेत आणि ती मोलाचीच आहेत. नागपूरच्या मोतीबाग येथे डिसेंबर २००२ मध्ये अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय उघडण्यात आले. जुनी इंजिने व डबे तेथे जतन करून ठेवलेले आहेत. हे सर्व पाहिल्यावर मात्र मनात एक प्रश्न उभा राहतो. त्या डब्यात बसणारी माणसे कोठे आहेत? मोहफुलांचे गाठोडे मांडीवर घेतलेली आजी, नागपूरच्या मेडिकलला निघालेला रुग्ण आणि त्याच्यासोबतचा भाऊ, भाजीच्या डाल्या दाराशी रचून बसलेल्या बाया, रोज ये-जा करणारे गुरुजी यांची चित्रे किती आहेत? इंजिन संग्रहालयात ठेवता येते, गर्दी ठेवता येत नाही. कोणी वेळीच तिचे चित्र घेतले असेल, तरच ती उरते.

जुन्या वास्तू व रोजचे प्रसंग यांचे छायाचित्रण हा विषय आमच्या त्रैमासिकाच्या वाचकांना कदाचित छंदाचा वाटेल. आम्हांला तो इतिहासाचा वाटतो. कोणत्या काळी कोणाचे चित्र घेतले गेले आणि कोणाचे राहून गेले, हे पाहिले की त्या काळाने कोणास मोजले व कोणास वगळले हेही कळते. त्यात कॅमेऱ्याच्या भिंगाचाही वाटा आहे. म्हणून प्रथम भिंगाची थोडी ओळख करून घेऊ.

भिंगाचा कोन

१८३९ साली फ्रान्समध्ये दागेर यांच्या छायाचित्रण पद्धतीची घोषणा झाली. पुढच्याच वर्षी योसेफ पेत्झवाल या गणितज्ञाने व्यक्तिचित्रांसाठी नवे भिंग सिद्ध केले. या भिंगातून पुष्कळ प्रकाश आत येई, त्यामुळे समोरच्या माणसास फार वेळ निश्चल बसावे लागत नसे. परंतु त्याचा दृष्टिकोन अरुंद होता; मध्यभागीचा चेहरा स्पष्ट उमटे आणि कडेचे सारे धूसर होई. खुर्चीवर बसलेल्या एका प्रतिष्ठित गृहस्थासाठी ते उत्तम होते. त्याच्या घराचे अंगण, दारातले गडी, वाट पाहत उभी असलेली बैलगाडी यांना त्यात जागा नव्हती.

रुंद कोनाचे भिंग, ज्यास छायाचित्रकार वाइड अँगल म्हणतात, ते निराळ्या गरजेतून आले. अरुंद गल्लीत उभे राहून समोरची उंच इमारत टिपायची असेल, तर मागे सरकण्यास जागा नसते. खोलीच्या आतले दृश्य घ्यायचे तर पाठीशी भिंत असते. या अडचणीवर तोड म्हणून टॉमस सटन यांनी १८५९ साली पाणी भरलेले गोल भिंग तयार केले. पुढे अमेरिकेत ग्लोब नावाचे भिंग निघाले. १९०० साली जर्मनीतील ग्योर्त्झ कंपनीने हायपरगॉन हे भिंग बाजारात आणले, त्याचा कोन सुमारे १३५ अंश होता. इतक्या रुंद चित्रात मध्यभाग फार उजळ आणि कडा काळोख्या होत. म्हणून त्या भिंगापुढे एक चांदणीच्या आकाराचे लहान चक्र हवेच्या झोताने फिरवीत असत व मधला प्रकाश अडवीत असत.

१९२५ साली लायका हा हातात मावणारा कॅमेरा विक्रीस आला आणि त्याच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापानेच आजही भिंगांची तुलना केली जाते. त्या मापात ५० मिलिमीटरचे भिंग सर्वसाधारण मानले जाते. त्याचा कोन सुमारे ४७ अंश. २८ मिलिमीटरच्या भिंगाचा कोन ७५ अंशांच्या आसपास, तर २० मिलिमीटरच्या भिंगाचा ९४ अंशांच्या आसपास असतो. आकडा जितका लहान, तितका दृष्टीचा विस्तार मोठा. साध्या भाषेत सांगायचे तर, ओसरीच्या एका टोकास उभे राहून ५० च्या भिंगातून एक आजोबा दिसतील. २८ च्या भिंगातून आजोबा, त्यांच्या पायाशी खेळणारा नातू, भिंतीवरची तसबीर आणि दारातून दिसणारी गाय एवढे सारे दिसेल.

आता एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आज आपल्या घराघरांत जे मोबाइल फोन आहेत, त्यांतील मुख्य कॅमेऱ्याचे भिंग बहुधा २४ ते २८ मिलिमीटरच्या तोडीचे असते. म्हणजे ज्या रुंद भिंगासाठी एके काळी छायाचित्रकारास पुष्कळ पैसा मोजावा लागे, ते आज शेतमजुराच्या खिशातही आहे.

देवळे आली, माणसे राहिली

आपल्या देशात छायाचित्रण फार लवकर आले. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या हिंदी छायाचित्रकारांपैकी एक होते. जुन्या वास्तूंचे चित्रण करण्याचे काम मुख्यतः सरकारी सर्वेक्षणातून झाले. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम आणि त्यांचे साहाय्यक जोसेफ डेव्हिड बेग्लर हे १८७३-७४ मध्ये मध्य प्रांतात फिरले. बेग्लर यांनी त्या दौऱ्यात वैनगंगेच्या काठावरील मार्कंडा येथील देवळांची छायाचित्रे घेतली. ती लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात जपलेली आहेत. मार्कंडा आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झाला. या स्थळी वैनगंगा उत्तरेकडे वळते आणि महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते.

त्या काळचे छायाचित्रण म्हणजे केवढा खटाटोप होता, याची कल्पना आज येणार नाही. काचेच्या पट्टीवर ओले रसायन पसरायचे, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी काळोख्या तंबूत नेऊन धुवायची. हे सारे अवघ्या काही मिनिटांत उरकावे लागे. काचा, रसायने, तिवई आणि तंबू बैलगाडीवर लादून जंगलातून न्यावे लागत. भिंग उघडे ठेवण्याचा काळ काही सेकंदांचा असे. दगडी देऊळ तेवढा वेळ स्थिर राहते; चालता माणूस राहत नाही, तो नुसता धुरकट डाग होऊन उमटतो. त्यामुळे यात्रेचे चित्र घेणे त्या साधनांनी जवळजवळ अशक्य होते. अशा सर्वेक्षणांच्या चित्रांत कोठे एखादा माणूस दिसलाच, तर तो बहुधा देवळाची उंची लक्षात यावी म्हणून मोजपट्टीसारखा उभा केलेला असतो. त्याचे नाव अहवालात नसते.

आपल्या ख्रिस्ती वाचकांस जवळचे असे दुसरे उदाहरण वसईचे आहे. गोव्यातील कॅथलिक घराण्यात जन्मलेले डॉ. जे. जर्सन द कुन्हा यांनी १८७६ साली चौल व वसई यांच्या इतिहासावर व प्राचीन अवशेषांवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यास सतरा छायाचित्रे जोडलेली होती. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यानंतर ओस पडत गेलेल्या तेथील चर्चवास्तूंच्या अभ्यासकांस हा ग्रंथ आजही उपयोगी पडतो. पडक्या भिंती व कमानी हा त्याचा विषय होता. त्या भिंतींपलीकडे वसईच्या वाड्यांतून शेती करणारे, मासे पकडणारे व सायंकाळी घरी जपमाळ म्हणणारे आपले पूर्वज मात्र त्या विषयात मोडत नव्हते.

माणसांची चित्रे घेतली गेलीच नाहीत असे नाही. परंतु ती वेगळ्या हेतूने घेतली गेली. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने हिंदुस्थानातील लोकांचे आठ खंड छायाचित्रांसह प्रसिद्ध केले. मध्य प्रांतातील जातिजमातींवर आर. व्ही. रसेल व रायबहादुर हिरालाल यांचे चार खंड १९१६ साली निघाले. त्यांतही छायाचित्रे आहेत. त्यांपैकी एकात बाजारात बांबूच्या गाड्या घेऊन आलेले गोंड दिसतात, दुसऱ्यात धान्य दळणाऱ्या गोंड स्त्रिया दिसतात. रोजच्या जीवनाची ही चित्रे पाहून आम्हांला आनंद होतो आणि वाईटही वाटते. आनंद यासाठी, की निदान एवढे तरी उरले. वाईट यासाठी, की चित्राखाली जमातीचे नाव आहे, माणसाचे नाही. जात्यावर बसलेल्या त्या बाईला आई-बापांनी ठेवलेले एक नाव होते. ते विचारून लिहून घ्यायला एक मिनिट पुरले असते. ज्या काळात माणसाकडे नमुना म्हणून पाहिले जाई, त्या काळात ते कोणास सुचले नाही. त्या विद्वानांच्या श्रमांविषयी आम्हांला आदर आहे. त्यांच्या खंडांवाचून या भागाविषयी आपणांस कितीतरी कमी ठाऊक असते. परंतु त्यांनी सोडलेली जागा भरून काढणे हे आता आपले काम आहे.

धर्मगुरूंच्या हाती कॅमेरा

ख्रिस्तसभेने या कलेकडे सुरुवातीपासून कुतूहलाने पाहिले आहे. पुढे पोप तेरावे लिओ म्हणून जगास ज्ञात झालेले कार्डिनल पेची यांनी १८६७ साली छायाचित्रणकलेवर लॅटिन भाषेत एक लहान कविता रचली. १८९८ साली सेकोंदो पिया या वकिलाने तुरीन येथील पवित्र वस्त्राचे छायाचित्र घेतले आणि काचेवरील उलट्या प्रतिमेत उमटलेला चेहरा पाहून तो थक्क झाला, ही हकिगत पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल.

आपल्या महाराष्ट्रात फादर हेन्री हेरास या येशूसंघीय धर्मगुरूंचे नाव घेतलेच पाहिजे. स्पेनमध्ये जन्मलेले फादर हेरास १९२२ साली मुंबईस आले. १९२६ साली त्यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयात भारतीय इतिहास संशोधन संस्था स्थापन केली; आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. देशभर फिरून त्यांनी लेणी, देवळे, शिल्पे, चर्चवास्तू यांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह केला. इतिहास शिकवायचा तर विद्यार्थ्यांसमोर नुसते शब्द ठेवून भागत नाही, वस्तू दाखवावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. त्यांचे १९५५ साली निधन झाले, संग्रह उरला.

सामान्य जीवनाच्या चित्रणासाठी मात्र आयर्लंडचे फादर फ्रान्सिस ब्राउन यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेही येशूसंघीय. १९१२ च्या एप्रिलमध्ये, त्यांचा गुरुदीक्षाविधी होण्यापूर्वी, टायटॅनिक जहाजावरून इंग्लंडच्या साउदम्प्टनपासून आयर्लंडच्या क्वीन्सटाउनपर्यंत प्रवास करण्याची संधी त्यांना मिळाली. जहाजावर एका श्रीमंत कुटुंबाने पुढे अमेरिकेपर्यंतचे भाडे भरण्याची तयारी दाखवली. त्यांनी वरिष्ठांकडे तारेने परवानगी मागितली. उत्तर आले, की जहाजावरून उतरावे. ते उतरले, म्हणून वाचले आणि त्यांची जहाजावरील छायाचित्रे जगभर गेली. पण त्यांचे खरे कार्य त्यानंतरचे होते. पुढील कित्येक वर्षे धर्मोपदेशाच्या निमित्ताने गावोगाव फिरताना त्यांनी शेतकरी, कामगार, शाळकरी मुले, बाजार, कारखाने, स्थानके यांची हजारो चित्रे घेतली. १९६० साली ते वारले. त्यांच्या चित्रांच्या निगेटिव्हांनी भरलेली पेटी १९८५ साली त्यांच्याच संघातील एका धर्मगुरूंना सापडली, तीत सुमारे बेचाळीस हजार चित्रे होती. बहुतेक चित्रांवर कोणते, कोठले व केव्हाचे हे लिहिलेले होते. पंचवीस वर्षे पेटीत पडून राहूनही ती चित्रे मुकी झाली नाहीत, याचे कारण त्या नोंदी होत.

नागभीडच्या भोवती

आता आपल्या परिसराकडे वळू. रुंद भिंगाने टिपावे असे येथे काय आहे?

पहिला मान तलावांचा. हा भाग धानाचा आणि धान हे तलावांवर जगते. गोंड राजवटीत व त्यानंतर गावोगाव बांधलेले हे तलाव; ते बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य प्रसिद्ध आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि माजी मालगुजारी तलाव या लांब नावाचे लोकांनी मामा तलाव असे सुटसुटीत रूप केले. नागभीडजवळचा घोडाझरी तलाव त्या मानाने अलीकडचा, १९२३ चा. घोडाझरीचे जंगल २०१८ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. तलावाचे चित्र घेणारे बहुधा सूर्यास्त घेतात. परंतु तलावाचा इतिहास त्याच्या काठावर आहे. पाळीवरून जाणारी गुरे, कपडे धुणाऱ्या बाया, जाळे विणणारा ढिवर, तलावातून निघणारा पाट आणि पाटाच्या पाण्यावर भिजणाऱ्या बांध्या हे सारे एका चौकटीत आले, तर तलाव कशासाठी बांधला हे पाहणाऱ्यास सांगावे लागत नाही.

येथे रुंद भिंगाचा एक गुणधर्म सांगितला पाहिजे. ते जवळच्या वस्तूस मोठे करते व दूरच्या वस्तूस फार लहान करते. नागभीडच्या पश्चिमेस पेरजागड, म्हणजे सातबहिणींचा डोंगर, डोळ्यांना भव्य दिसतो. मोबाइलच्या चित्रात तो मुंगीच्या वारुळाएवढा होतो आणि घेणारा निराश होतो. पण त्याच चित्रात चार हातांवर पऱ्ह्यांची पेंडी घेऊन वाकलेली बाई असेल, तर ती मोठी दिसेल आणि डोंगर तिच्या पाठीशी उभा राहील. रोवणीच्या दिवसांत असे चित्र घ्यावे. त्यात चिखल, पाणी, रोवणाऱ्या बायांची रांग, बांधावर ठेवलेला जेवणाचा डबा आणि मागचा डोंगर हे सर्व ज्याच्या त्याच्या जागी येते. यंत्राने रोवणी होऊ लागली आहे. अशी रांग पुढच्या पिढीस कितपत पाहायला मिळेल, याची शाश्वती नाही.

दुसरे कोशाचे विणकाम. विदर्भाची करवतकाठी साडी प्रसिद्ध आहे आणि नागभीड, आरमोरी, सावली हा पट्टा कोशाच्या कापडासाठी ओळखला जातो. जंगलातील ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या पोसायच्या, कोसले उकळायचे, मांडीवर घासून धागा काढायचा आणि मग तो मागावर चढवायचा, अशी ही लांब वाट आहे. विणकराच्या घरात माग ठेवला की चालायला जागा उरत नाही. अशा खोलीत सर्वसाधारण भिंगातून फक्त हात दिसतात किंवा फक्त चेहरा. रुंद भिंगातून खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर, कांड्या भरणारी त्याची बायको, वरून येणारा कवडसा आणि मागाखाली झोपलेले मूल एकत्र दिसतात. साडी दुकानात पाहायला मिळते. ती एका कुटुंबाच्या किती हातांतून आली, हे त्या खोलीतच कळते.

तिसरी झाडीपट्टीची रंगभूमी. धानाची कापणी-मळणी झाली, की दिवाळीनंतर या भागात नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे या नाट्यमंडळ्यांचे केंद्र. गावात शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्रभर नाटक, त्या निमित्ताने घरोघरी पाहुणे आणि कित्येकदा मुलामुलींची लग्ने जुळवणे असा तो सोहळा असे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयाने बैलांच्या शर्यती थांबल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा अनुमती मिळाली. मधल्या सात वर्षांत वाढलेल्या मुलांनी पट पाहिलाच नव्हता. एखादी प्रथा इतक्या सहज एका पिढीच्या नजरेआड होऊ शकते. नाटकाचे चित्र घेणारे रंगमंचावरील राजा-राणीचे चित्र घेतात. मंडपाच्या एका कोपऱ्यात उभे राहून रुंद भिंग लावावे, म्हणजे तणसावर घोंगड्या पांघरून बसलेले गाव आणि त्याच्या पलीकडे उजळलेला रंगमंच असे दोन्ही दिसतील. आमच्या मते त्या रात्रीचा इतिहास या दोहोंचा मिळून असतो.

जवळीक आणि जबाबदारी

रुंद भिंगाची एक अट आहे. त्यातून माणूस नीट दिसावा असे वाटत असेल, तर त्याच्याजवळ जावे लागते. दूरच्या भिंगाने झाडाआड लपून एखाद्याचे चित्र त्याच्या नकळत घेता येते. रुंद भिंगाने तसे करता येत नाही. चार हातांवर जाऊन उभे राहायचे, तर आधी रामराम करावा लागतो, खुशाली विचारावी लागते आणि परवानगी मागावी लागते. नाही म्हटले तर परतावे लागते. आदिवासी बांधवांची चित्रे शहरातील दिनदर्शिकांवर व फलकांवर त्यांना न विचारता छापली जातात, हे आपण पाहतो. गरिबाची प्रतिमा ही त्याच्या हक्काची वस्तू आहे. ज्याचे चित्र घेतले त्याला त्याची एक प्रत नेऊन देणे, एवढा न्याय तरी पाळला पाहिजे.

हे भिंग खोटेही बोलते, हेही सांगून ठेवू. त्याच्या कडेस आलेला माणूस ताणला जातो व बेढब दिसतो. म्हणून माणसांस कडेस ठेवू नये. कॅमेरा वर रोखला, की चर्चच्या भिंती मागे कलल्यासारख्या दिसतात. तो सरळ धरला, तर त्या सरळ राहतात. लहान खोली या भिंगातून दिवाणखान्याएवढी भासते, म्हणून घरे विकणाऱ्यांना ते फार आवडते. गळक्या छपराखाली सहा माणसे राहतात अशी खोली प्रशस्त दिसावी, हे सत्याला धरून नाही. अशा वेळी दारात उभ्या असलेल्या माणसास चौकटीत घ्यावे, म्हणजे खोलीचे खरे माप कळते. सर्वेक्षणाच्या चित्रात माणूस देवळाचे माप होता. येथेही तो माप होईल. फरक इतकाच, की आपण त्याचे नाव लिहून ठेवू.

धर्मग्रामांचे काम

आपल्या धर्मग्रामांतून स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांची पुस्तके नेमाने ठेवली जातात. शंभर वर्षांनंतरही त्यांवरून कोण कोणाचा, हे सांगता येते. छायाचित्रांच्या बाबतीत मात्र आपण इतके काटेकोर नाही. आपले अल्बम उघडून पाहावेत. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणारी मुले वेदीसमोर रांगेत, नवरा-नवरी वेदीसमोर, बिशपस्वामी वेदीसमोर, रौप्यमहोत्सव वेदीसमोर. सर्व चित्रांत वेदी एकच आहे. बदलत गेलेले गाव एकातही नाही. मिस्साबलिदान संपल्यावर बाहेर झाडाखाली जी माणसे बोलत उभी राहतात, ज्या बाया सणाचा स्वयंपाक मोठ्या गंजांतून करतात, जो माणूस पहाटे उठून घंटा वाजवतो, ते या अल्बममध्ये क्वचितच सापडतात.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या ख्रिस्ती समाजास हे विशेषत्वाने लागू आहे. १९६२ साली चांदा हा स्वतंत्र मिशनप्रदेश म्हणून निर्माण झाला आणि सी. एम. आय. धर्मसंघाकडे सोपवण्यात आला. १९७७ साली त्यास धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. त्या पहिल्या काळात येथे आलेले धर्मगुरू व धर्मभगिनी, त्यांना आसरा देणारी माणसे, कुडाच्या भिंतींच्या पहिल्या शाळा व दवाखाने यांना पाहिलेली पिढी आता थकली आहे. घरोघरच्या पेट्यांतून त्या काळची काही चित्रे असतील. त्यांतील माणसांस ओळखणारे डोळे मिटले, की ती रसेल-हिरालाल यांच्या खंडांतील चित्रांसारखी होतील : चेहरा आहे, नाव नाही.

१९९७ साली ख्रिस्तसभेच्या सांस्कृतिक वारशासाठी नेमलेल्या व्हॅटिकनच्या आयोगाने धर्मसभेच्या दप्तरखान्यांच्या प्रेषितकार्यातील स्थानाविषयी एक पत्रक काढले. जुने कागद जपणे हे केवळ कारकुनी काम नसून देवाने आपल्या लोकांबरोबर केलेल्या वाटचालीचे स्मरण होय, हा त्यामागचा भाव आहे. छायाचित्रांस तो तितकाच लागू पडतो.

यासाठी फार मोठी योजना नको. प्रत्येक धर्मग्रामातील दोन-तीन तरुणांनी महिन्यातून एक दिवस ठरवावा. त्यांनी एका वाडीत जावे आणि तेथील एक रोजचे काम, एक घर व एक जुनी जागा यांची चित्रे घ्यावीत. चौकटीत आजूबाजूचे जितके येईल तितके येऊ द्यावे. त्याच दिवशी वहीत लिहावे : चित्रात कोण आहेत, डावीकडून उजवीकडे, गाव कोणते, तारीख कोणती, काम कोणते चालले आहे आणि त्या कामास तेथील माणसे काय म्हणतात. हा शेवटचा मुद्दा विसरू नये. शब्द वस्तूंच्याही आधी हरवतात. वर्षातून एकदा निवडक चित्रे कागदावर काढून घ्यावीत, मागे मऊ पेन्सिलीने नोंद करावी आणि धर्मग्रामाच्या पुस्तकांशेजारी ठेवावीत. मोबाइल हरवतो, बिघडतो, बदलला जातो आणि त्यातील हजारो चित्रे त्याच्याबरोबर जातात. कागद वाळवीपासून जपला तर टिकतो.

जुन्या अल्बमचेही काम त्याचबरोबर करावे. आजी-आजोबांस सायंकाळी शेजारी बसवून एकेक चित्र दाखवावे आणि ते जे सांगतील ते लिहून घ्यावे. एक चित्र पाहताना त्यांना दहा गोष्टी आठवतात, हे ज्यांनी केले त्यांना ठाऊक आहे. हे लेखन घरातील शाळकरी मुलांनी केले, तर आणखी उत्तम.

पाच भाकरी व दोन मासे यांच्या चमत्काराची गोष्ट आपण दरवर्षी वेदीवरून ऐकतो. सर्व लोक जेवून तृप्त झाल्यावर प्रभू येशूने उरलेले तुकडे गोळा करण्यास शिष्यांना सांगितले आणि त्यांनी बारा टोपल्या भरल्या. ज्या मुलाच्या शिदोरीतून हे घडले, त्याचे नाव मात्र शुभवर्तमानात आलेले नाही. आपल्या वाड्यांतून अशी कितीतरी मुले व माणसे आहेत, ज्यांच्या शिदोरीवर गाव जगले. त्यांचे तुकडे गोळा करण्याची टोपली आज प्रत्येकाच्या हातात आहे. नागपूरचा फाटा बंद झाला तेव्हा त्या डब्यातील माणसे टिपण्याची वेळ निघून गेली. येत्या पावसाळ्यात रोवणी मात्र होणार आहे. पहिल्या बांधीत पऱ्हे पडण्यापूर्वी वही व पेन्सिल तयार ठेवावी, आणि रांगेतील पहिल्या बाईपासून नावे विचारायला सुरुवात करावी.